सदोबा पंच आणि छातीवरचा ताईत

सावरगडचा सदोबा तांबट एकाच वेळी दोन ठिकाणी असायचा, हे सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. पण याला पुरावा आहे, आणि तोही ऐकीव नव्हे, सरकारी शिक्क्याचा. ऑगस्टच्या सतरा तारखेला दुपारी चार वाजता हा गृहस्थ गवळीवाड्यात चोरीस गेलेल्या म्हशीचं तुटकं दावं निरखत उभा होता. आणि त्याच सतरा तारखेला, त्याच चारच्या ठोक्याला, सहा मैलांवरच्या रेल्वे फाटकापाशी हातभट्टीचे अकरा कॅन मोजत होता. दोन्ही कागदांवर सही त्याचीच. दोन्ही सह्यांत ‘तांबट’मधल्या ट-ला उंदरासारखी तीच लांबलचक शेपूट. असं एकदा नव्हे, बावीस वर्षांत पुष्कळदा घडलं. देवादिकांना जे साधायला तप करावं लागलं, ते सदोबाला चहा-वड्यावर साधत होतं.

खरी गोष्ट एवढीच, की त्या दिवशी चार वाजता सदोबा आपल्या कुलूप-किल्ल्यांच्या दुकानात भिंतीला डोकं टेकून घोरत होता.

दुकान पेठ नाक्याच्या पोलीस ठाण्यासमोर, आणि गोम तिथंच होती. पोलिसांनी काही जप्त केलं, एखादी जागा तपासली, की पंचनामा करावा लागतो आणि दोन त्रयस्थ माणसांनी ‘हे आमच्या डोळ्यांदेखत झालं’ म्हणून खाली सही ठोकावी लागते. आता त्रयस्थ माणूस आणायचा कुठून? पोलिसांची गाडी गल्लीत शिरली की माणसं झुरळांसारखी फटींत जातात. म्हणून ठाण्यानं आपली एक वाट पाडून घेतली होती. शिपाई दारातूनच ओरडायचा, “सदोबा, या जरा, दोन सह्या आहेत.” सदोबा कानस खाली ठेवून, हात पुसत रस्ता ओलांडायचा. कधी मजकूर लिहून तयार असायचा. कधी कागद कोरा असायचा आणि मजकूर मागाहून यायचा. “कशाचा आहे हो?” असं विचारायची रीत नव्हती. जेवायला बोलावल्यावर भाजी कशाची, असं आधी विचारतं का कुणी?

संध्याकाळी मात्र सदोबा या सह्यांची भरपाई करायचा. दुकानाच्या पायरीवर चार रिकामटेकडे जमले, की सकाळी न पाहिलेलं सगळं तो बारीकसारीक तपशिलासकट पाहून घ्यायचा. “पटायचं नाही तुम्हाला,” अशी सुरुवात. मग म्हशीच्या दाव्यावर दातांचे व्रण दिसत, हातभट्टीच्या कॅनमधून जिवंत साप निघे, दरोडेखोर सदोबाला पाहून हमसून हमसून रडे. ऐकणारे हसत आणि दुसऱ्या दिवशी परत येत.

हसत नसे ती भिंतीपलीकडची नागव्वा इरकल. तिची पिठलं-भाकरीची खानावळ. सदोबाची बायको वारली तेव्हा तेराव्यापर्यंत त्याचा डबा नागव्वाकडून आला होता आणि तिरडीला एक खांदा तिच्या मुलानं, भीमेशनं, दिला होता. पुढल्याच वर्षी त्या भीमेशला दहा वर्षांची सजा लागली. माळावरच्या खडीकेंद्राच्या मालकावर कोणीतरी मागून कोयत्यानं वार केला. भीमेश तिथं पाण्याचा टँकर चालवायचा आणि आदल्या आठवड्यात दोघांची जोरदार बाचाबाची झालेली. मालकानं वार करणाऱ्याचं तोंड पाहिलं नव्हतं. सारा खटला उभा राहिला तो एका कागदावर: अटकेनंतर आरोपीनं स्वतः माळावरच्या विहिरीपाशी नेऊन झुडपातला कोयता काढून दिला, असा पंचनामा. खाली सही, लांब शेपटीची.

सदोबानं एका सकाळी तीन कोऱ्या कागदांवर सह्या केल्या होत्या. त्यांवर काय उगवलं ते त्याला चार महिन्यांनी कोर्टात कळलं, सरकारी वकिलानं आरोपीचं नाव वाचलं तेव्हा. पिंजऱ्यातून भीमेश त्याच्याकडं बघत होता, आणि बघण्यात भीती नव्हती, भरवसा होता. काका आलाय, आता काका सांगेल.

“सही तुमचीच?”

“होय.”

“मजकूर बरोबर आहे?”

मागच्या बाकावर पंचनामा लिहिणारा फौजदार डुबल पाय हलवत बसला होता.

“बरोबर,” सदोबा म्हणाला. त्याच्या आयुष्यातली ही सगळ्यात आखूड थाप.

त्या दिवसापासून नागव्वानं त्याच्याशी बोलणं टाकलं. शिव्या मात्र टाकल्या नाहीत. त्या ती तव्याला घालायची. “तव्या, तुझं तळपट होवो,” असं सकाळी सात वाजता भिंतीपलीकडून ऐकू आलं की सदोबा समजायचा, ही आपल्याला रामराम. मग खरकट्या पाण्याची बादली बरोबर त्याच्या पायरीवर रिती व्हायची. सात वर्षांत तिचा नेम एकदाही चुकला नाही.

अशात सावरगड महापालिकेनं पोलिसांच्या छातीवर कॅमेरे बसवायचं काढलं. पैसा पालिकेचा, छाती पोलिसांची, आणि बोंब सगळ्या गावाची. काडेपेटीएवढी काळी डबी, मधे हिरवा ठिपका, गळ्याच्या जरा खाली अडकवायची. शिपायांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ‘ताईत’ ठेवलं. “बाईल मेली लग्नाची, तीसुद्धा एवढं बघत नाही माझ्याकडं,” असं एक हवालदार जाहीर बोलला. दुचाकीवर तिघं बसणारे विरोधात, फुटपाथवर गाड्या लावणारे विरोधात, हप्ता देणारे विरोधात, घेणारे तर काय, मोर्चाच काढायचे बाकी होते. बाजूनं बोलणारी माणसं थोडी, आणि तीही घरात बसून बोलणारी.

चाचणीसाठी वीस ताईत एक महिना पेठ नाक्याला मिळाले. त्यांच्याबरोबर पालिकेनं नेमलेली एक इंजिनिअर आली, केतकी ओहोळ. किडकिडीत, तिशीच्या आतली, आणि समोरचा माणूस कोणत्या हुद्द्याचा आहे हे तिला कधीच लक्षात राहत नसे. ठाण्यानं तिला मुद्देमालाच्या खोलीत, गंजलेल्या तलवारी आणि जप्त कुकरांच्या मधे बसवलं. दुसऱ्या दिवशी तिच्या कपाटाची किल्ली ‘हरवली’. ती सदोबाकडं आली.

सदोबानं नवी किल्ली कानशीनं घासता घासता खडा टाकला. “बाई, त्या तुमच्या ताईतातलं घड्याळ कुणी मागं फिरवलं तर? मी सांगतो, जगात न उघडणारं कुलूप नसतं.”

“फिरवा की,” केतकी म्हणाली. “काका, तुमचा हा पंखा ऐका.”

“खडखडतोय. बेअरिंग गेलंय.”

“खडखडीच्या खाली ऐका. एक बारीक हुं हुं सूर आहे ना? तो विजेचा. वीज तारेतून येते ती एका सेकंदाला पन्नास हेलकावे खात. पण बरोबर पन्नास कधीच नसतात. सकाळी सगळ्यांनी गिझर लावले, कारखाने सुरू झाले, की भार वाढतो आणि हेलकावे किंचित मंदावतात. भार उतरला की किंचित पळतात. क्षणाक्षणाला कमी-जास्त, माणसाच्या श्वासासारखं. आणि देशभरच्या तारा एकमेकींना जोडलेल्या. म्हणून आत्ता तुमच्या पंख्यात जो चढउतार आहे, तोच हजार मैलांवरच्या ट्यूबलाइटीत आहे. तो पुन्हा तसाच्या तसा कधीही येत नाही. त्याची सेकंदासेकंदाची नोंद वीजकेंद्रात ठेवलेली असते. कुठल्याही फितीतला हा सूर वेगळा काढून नोंदीशी ताडून पाहिला, की फीत कुठल्या दिवशी, कितव्या मिनिटाला केली ते कळतं. आत काही कापलं, जोडलं, तर सूर तिथंच तुटतो. घड्याळ तुम्ही फिरवाल, काका. सगळ्या देशाची वीज कशी फिरवाल?”

सदोबाची कानस थांबली. “आणि जिथं वीजच नाही तिथं?”

“तिथं सूर नाही. सूर नसणं हीसुद्धा साक्षच.”

सदोबानं संध्याकाळी पायरीवर ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकणारे म्हणाले, “ही मात्र फारच झाली हं, सदोबा.”

पाचव्या दिवशी ठाण्यानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. नदीपात्रातून वाळूचा ट्रॅक्टर पकडला. ताईत लावलेले तिघं शिपाई परत आले, पंख्याखाली बसले, सदोबाला हाक गेली, आणि नेहमीप्रमाणे पंचनामा सुरू झाला. ताईत काढावा, निदान तोंड दाबावं, असं एकाच्याही मनात आलं नाही. यात लबाडी आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं ना! पंचनामा असाच करतात. साहेबानं असाच केला, साहेबाच्या साहेबानं असाच केला. वर्षानुवर्षं माणूस उलटी टोपी घालत आला की आरशात त्याला सुलटीच दिसते.

केतकीनं ती फीत मुद्देमालाच्या खोलीत लावली. पडद्यावर पंखा, चहाचे पेले आणि आवाज: “लिहा. आम्ही पंच समक्ष नदीपात्रात हजर राहून…” “वाळूचा रंग काय टाकू, साहेब?” “वाळूचा असतो तो टाक.” “सदोबा, इथं सही.” “करतो. आज वडा नाही वाटतं?”

ती हसली नाही. तिनं जुनं कपाट उघडलं. गेली काही वर्षं कायद्यानंच जप्तीचं चित्रण मोबाइलवर करणं बंधनकारक होतं. तशा फिती ठाण्यात गठ्ठ्यांनी पडलेल्या, कुणी न बघितलेल्या. सदोबाच्या सहीच्या पंचनाम्यांच्या एकशे चौदा निघाल्या. तिनं एकशे चौदाच्या एकशे चौदा सुरांची नोंदीशी गाठ घातली.

मग एका दुपारी ती दुकानात आली, स्टूल ओढून बसली आणि लॅपटॉप मांडीवर उघडला. पडद्यावर थोडं गवत, एक हात आणि गंजलेला कोयता. मागं डुबलचा आवाज, तारीख आणि वेळ वाचून दाखवणारा.

“कागदावर चौदा तारीख, संध्याकाळचे पाच चाळीस,” केतकी म्हणाली. “जागा माळावरची. त्या विहिरीपासून दोन किलोमीटरपर्यंत विजेची तार नाही. आणि या फितीत सूर असा भरलाय, की डोक्यावर ट्रान्सफॉर्मर असावा.”

सदोबानं दाराबाहेर बघितलं. ठाण्याच्या मागच्या अंगणात ट्रान्सफॉर्मर आहे, हे सांगायला त्याची गरज नव्हती. दुकानातून दिसत होता.

“आणि सूर बारा तारखेचा आहे. सकाळचे अकरा पाच. भीमेश इरकलला अटक झाली तेरा तारखेला. म्हणजे अटक व्हायच्या आधीच त्यानं अटकेत असताना कोयता काढून दिला. एका वेळी दोन ठिकाणी असणारे तुम्ही एकटेच नाही, काका.”

सदोबानं कानस उचलून परत ठेवली. “मग… सोडतील त्याला?”

“हे माझ्या लॅपटॉपवर आहे तोवर नुसतं माझं मत. पालिकेच्या ठरावात एक कलम आहे. ताईत मंजूर झाले, तर याच पद्धतीनं जुन्या फितीही रीतसर तपासून अहवाल कोर्टाला द्यायचा. सोमवारी सभा आहे. मंजूर झालं तर भीमेश बाहेर येईल. फेटाळलं तर सगळं पुसून यंत्रं परत करायची, असा करार आहे.”

“आणि माझं?”

“तुम्ही कोर्टात खोटी साक्ष दिलीत. त्याला शिक्षा आहे. मी तुम्हाला गोड काहीतरी सांगू शकत नाही.”

“सांगायचं की थोडं,” सदोबा पुटपुटला. “मी सगळ्यांना सांगतो.”

ती गेल्यावर तो उठून खानावळीच्या दाराशी गेला. सात वर्षांत पहिल्यांदा. नागव्वा भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

“नागव्वा, सोमवारी सभा आहे.”

“तव्या,” नागव्वा म्हणाली, “ती पोरगी येऊन सांगून गेली मला समदं. महिन्यातनं एकदा जेलच्या दारात उभी राहते मी. पोराची तिशी आत्ता कुठं उलटली, अन् केस बघशील तर कापूस. मला म्हणतो, आई, काका बरा हाय का? तव्या, तूच सांग, काय सांगू त्याला? काका बरा हाय, वडे खातोय?”

“मी वाचलं नव्हतं गं त्यात काय लिहिलंय. कोरा होता कागद.”

“तव्या, कागद कोरा होता म्हणं. कोर्टात तोंड बी कोरं होतं का?”

आणि बादली रिती झाली. या खेपेला पायरीवर नव्हे, पायांवर.

शनिवारी डुबल आला. आता तो फौजदार नव्हता, ठाण्याचा इन्स्पेक्टर होता, आणि ताईत त्यानं खिशात ठेवला होता. दुकानातलं एक कुलूप उचलून तो उघड-बंद करत राहिला.

“सदोबा, सोमवारी सभेत तुम्ही बोलायचं. अनुभवी पंच म्हणून. नाव दिलंय मी.”

“मी काय बोलू, साहेब?”

“तुमचं जे आहे तेच. थापा.” डुबल हसला. “सांगा त्यांना, यंत्राला दिसत नाही ते माणसाच्या डोळ्याला दिसतं. तो विहिरीचा, कोयत्याचा किस्सा सांगा. जरा रंगवून. निम्मे सदस्य आधीच आपल्या बाजूचे आहेत. उरलेल्यांना फक्त एखादी गोष्ट पाहिजे, विरोधात हात वर करायला.”

“आणि खरं सांगितलं तर?”

कुलूप खट्कन बंद झालं. डुबलनं किल्ली काढून सदोबाच्या चहाच्या पेल्यात टाकली.

“सांग की. एकशे चौदा कागदांवर साहेबाचं नाव बदलतं, माझ्या आधी दुसरा होता, त्याच्या आधी तिसरा. तुझी सही बदलत नाही. आम्हाला बदल्या होतील. तू आत मरशील. आणि सांगितलंस तरी धरेल कोण? बावीस वर्षं थापा मारणारा माणूस एक दिवस उठून म्हणतो, मी खोटं बोललो. सभा म्हणेल, ही पण थापच!”

यात खोटं काही नव्हतं, आणि सदोबाला तेच झोंबलं.

सोमवारी अकराला पालिकेचं सभागृह गच्च भरलं. प्रात्यक्षिक म्हणून वीस शिपाई ताईत लावून भिंतीशी उभे होते. वीस हिरवे ठिपके. वर गॅलरीत लोक, त्यांत कोपऱ्यात नागव्वा, पदर कमरेला खोचून, कोपरांना पीठ तसंच. केतकीनं दहा मिनिटं यंत्र समजावून सांगितलं. तिला मिळालेला पहिला प्रश्न असा: “बाई, तुमच्या यंत्राला समजून घेता येतं का? म्हणजे… माणसासारखं?” सभागृह खो-खो हसलं.

“नाही,” केतकी म्हणाली.

“मग सावरगडात टिकायचं कसं ते?”

“आमच्या गणपतीच्या वर्गणीचंसुद्धा शूटिंग होणार काय?” दुसरा ओरडला. तिसऱ्यानं देशाची वीज, गिझर आणि पोलिसाची छाती यांचा संबंध काय, असा सवाल केला, आणि उत्तराची वाट न बघता बाकं वाजवून घेतली. केतकी बोलत होती, पण माइक कुणीतरी बंद केला होता.

महापौरबाईंनी सदोबाचं नाव पुकारलं.

सदोबा उभा राहिला. दोन रात्री त्यानं काहीच ठरवलं नव्हतं. खरं बोलावं तर समोर डुबल, आणि खोटं बोलावं तर वर गॅलरीत ती बसलेली. पण माइक समोर आला, शंभर तोंडं आपल्याकडं वळलेली दिसली, आणि जिभेनं जुना रस्ता धरला.

“पटायचं नाही तुम्हाला,” तो म्हणाला, “पण मी सांगतो ते या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.”

डुबल मागं रेलून बसला.

माळावरची ती संध्याकाळ सदोबानं उभी केली. वारा उभा केला, टिटवी ओरडवली, आरोपीच्या हातातल्या बेड्या खुळखुळवल्या. “झुडूप असं दाट, की कॅमेऱ्याला नुसतं हिरवं दिसलं असतं. मला पातं दिसलं!” फोनमध्ये घातलेली डोकी वर आली. पहिल्या बाकावरचे एक सदस्य मान डोलावू लागले. नगरसचिव इतिवृत्तात भराभर लिहून घेत होते. सदोबानं हा रंग ओळखला. शंभर माणसं, आणि शंभरांना पटत होतं.

त्यानं वर बघितलं. नागव्वा जमिनीकडं बघत होती. सात वर्षं ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. ती आता ऐकतही नसावी.

थापाड्याला जन्मभर एकच धास्ती असते, कुणीतरी पकडेल. त्या क्षणी सदोबाला उलटी धास्ती बसली: इथं कुणीच पकडणार नाही. पाच मिनिटांत हात वर होतील, यंत्रं पेटीत जातील, आणि पोरगा उरलेली वर्षं आत काढेल, या गोष्टीपायी. माघार घ्यावी, ‘मी खोटं बोललो’ म्हणावं, तर डुबल म्हणाला तसंच होणार; त्याचं खरं इथं कवडीमोल होतं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून आलं तर मात्र ते वीस ताईत आहेत, डोक्यावर पंखे आहेत, विजेचा सूर आहे. यंत्रं पुसली तरी शंभर माणसांनी ऐकलेला, इतिवृत्तात उतरलेला शब्द कुठल्या सभेला पुसता येणार नव्हता. आपलं काम एकच. थाप एवढी फुगवायची, की कुणालातरी ती फोडल्यावाचून राहवू नये.

“पण तो खरा कोयता नव्हेच,” सदोबा म्हणाला. डुबलचा पाय हलायचा थांबला. “तो नुसता देखावा. खरा कोयता विहिरीत! मी धोतर खोचलं आणि उतरलो. बावन्न पायऱ्या. पाणी असं काळंभोर, गळ्याइतकं.”

कुणी हललं नाही. नगरसचिवांनी लिहिलं: पायऱ्या बावन्न.

“बुडी मारली. एक. दुसरी. तिसऱ्या बुडीला तळाशी काय बघतो, तर मासे! हातभर लांब. त्यांतला एक मला वाट दाखवत पुढं.”

“काय सांगता!” पहिल्या बाकावरचे सदस्य म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत कौतुक होतं.

सदोबानं आणखी हवा भरली. “आणि कपारीत एक कासव. परातीएवढं. त्याच्या तोंडात कोयता, मुठीकडून धरलेला. मी म्हटलं, देवा, दे. त्यानं दिला!”

“कॅमेऱ्याला दिला असता का?” मागून कुणीतरी गरजलं, आणि बाकं वाजू लागली. महापौरबाई घड्याळ बघून म्हणाल्या, “छान. आता मतदान घेऊ या.” डुबल तेवढा बसल्या जागी ताठ झाला होता. कळलं होतं ते त्याला एकट्याला. तो ओठांनीच म्हणत होता, बस्स, बस्स कर.

सदोबानं माइक दोन्ही हातांनी धरला आणि मान वर करून, गॅलरीच्या त्या कोपऱ्याकडं बघत, फाटक्या आवाजात ओरडला, “तुडुंब भरली होती ती विहीर! भीमेश इरकल माझ्या देखत तिच्या काठावर उभा राहून, ओंजळीनं पाणी प्याला!”

“थांब रे थापाड्या!”

बाकं वाजायची थांबली. नागव्वा गॅलरीच्या कठड्याला धरून उभी होती.

“पाणी? कुठलं पाणी? ती विहीर आटून खडंग झाली तवा माझ्या दिरानं अन् वडारवाडीच्या चौदा माणसांनी दगड टाकून बुजवली. माझा भीमेश धरला त्याच्या दोन वर्सं आधी! पाट्या मी उचलल्यात या डोक्यावर! सपाट जमीन हाय तिथं, वर बाभळ उगवलीया! कोर्टात मला कुणी इचारलंच न्हाई!”

“बाई, खाली बसा!” डुबल उभा राहिला. “शिपाई, त्या बाईला बाहेर काढा!”

वीस शिपायांनी एकमेकांच्या छातीवरच्या हिरव्या ठिपक्यांकडं बघितलं. जागचं कुणीच हललं नाही.

नागव्वानं डुबलकडं बघितलंही नाही. आज मधे तवा नव्हता.

“इकडं बघ, सदोभाऊ,” ती म्हणाली. “माझ्याकडं बघ. तिथं पाणी न्हवतं, कासव न्हवतं, कोयता न्हवता. अन् तूबी न्हवतास!”